वर पोयटा, खाली गोटे

कुंडीत रोप लावताना तळाशी खापराचे तुकडे घालायचे, म्हणजे पाणी साचत नाही, हे झाडं लावणाऱ्या प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. छिद्र बुजू नये म्हणून एखादं खापर ठेवणं ठीकच आहे. पण चांगला चार बोटं जाड थर घातला की उलटंच होतं. वरून आलेलं पाणी माती आणि खापर यांच्या सीमेवर येऊन थबकतं आणि तिथली माती बराच वेळ चिंब राहते. कुंडी तळापर्यंत मातीने भरली असती तर हा ओला पट्टा अगदी खाली राहिला असता. खापरांनी तो उचलून मुळांजवळ आणून ठेवला.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना या राज्यांत, अशा घडणीची लाखो एकर शेतजमीन आहे. वर दोन-अडीच फूट, कुठे चार-पाच फूट, मऊ काळसर पोयटा. त्याखाली वीतभर अंतरात सगळं पालटतं आणि रेती-गोटे लागतात. खालची रेती हिमनदीच्या वितळत्या पाण्याने आणली, वरचा पोयटा वाऱ्याने आणला आणि त्या पोयट्याची काळी माती केली ती प्रेअरीच्या, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण माळरानांच्या, गवताने. या जमिनीचं वर्णन करताना बहुतेक जण तिच्या काळ्या रंगापाशी आणि सुपीकतेपाशी थांबतात. मला मात्र वाटतं की तिचा स्वभाव समजून घ्यायचा तर पोयटा आणि गोटे जिथे भेटतात तो सांधा पाहायला हवा. तिथेच तिची ताकद आहे आणि दुखणंही तिथेच आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच ठिकाण घेऊ. मिनेसोटात मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या दक्षिणेला डकोटा काउंटी आहे आणि तिथे रोझमाउंट नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास मिनेसोटा विद्यापीठाची संशोधनाची शेती आहे. तिथल्या मातीचं नाव ‘वॉकीगन सिल्ट लोम’. अमेरिकेत मातीच्या प्रत्येक प्रकाराला बहुधा एखाद्या गावाचं किंवा ओढ्याचं नाव देतात आणि त्या नावाखाली तिचे सगळे थर, रंग, खोली नोंदवून ठेवतात. वॉकीगनची नोंद थोडक्यात अशी: अर्धा ते एक मीटर वाऱ्याचा पोयटा, खाली आउटवॉशची रेती आणि गोटे, निचरा चांगला, मूळची वनस्पती उंच गवत.

आउटवॉश म्हणजे काय? शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून आलेल्या प्रचंड हिमस्तराच्या लांब जिभा दक्षिणेत उतरल्या होत्या. त्यांतली एक सुपिरियर सरोवराच्या खोऱ्यातून नैऋत्येकडे घुसली आणि आजच्या जोडशहरांपाशी येऊन थांबली. बर्फाच्या कडेला दगडमातीचा बांध साचला. बर्फ वितळू लागला तसं पाणी त्या बांधापलीकडे पसरलं. नदीला एक पात्र नव्हतं. शेकडो उथळ प्रवाह एकमेकांत गुंतत, फुटत, जागा बदलत वाहत होते. अशा पाण्याचा जोर कमी होत जातो तसं ते ओझं टाकत जातं. आधी धोंडे, मग गोटे, मग रेती. सगळ्यात बारीक पीठ पाण्यात तरंगत पुढे निघून जातं. आपण सुपात धान्य पाखडतो तसं पाण्याने हे दगड पाखडले. म्हणूनच आउटवॉशच्या थरात रेतीचे आणि गोट्यांचे पट्टे स्वच्छ, वेगवेगळे दिसतात. हिमनदीने थेट टाकलेल्या मातीत मात्र चिकणमातीपासून धोंड्यापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं.

या गोट्यांत मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी सापडेल. सुपिरियर सरोवराच्या उत्तर काठावर लाव्हाचे जुने थर आहेत, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. हिमनदीने ते खरवडून आणले, त्यामुळे आउटवॉशमध्ये काळ्या बेसाल्टचे गोटे मिळतात. लाव्हातल्या हवेच्या पोकळ्यांत सिलिका साचून तयार झालेले लाल पट्ट्यांचे अकीकही मिळतात. सह्याद्रीचा बेसाल्ट वयाने याच्यापेक्षा खूप लहान, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, पण घडण तीच आणि पोकळ्यांतले अकीकही त्याच पद्धतीचे. मिनेसोटाने सुपिरियरच्या या अकीकाला राज्याचं रत्न म्हणून मान्यता दिली आहे.

आता पोयटा. हिमनदी खडकावरून सरकताना खडक अक्षरशः दळला जातो. त्या पिठातला मधल्या आकाराचा कण म्हणजे सिल्ट, आपल्या शब्दांत पोयटा. अमेरिकी मोजणीप्रमाणे ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर. त्याहून मोठी ती रेती, लहान ती चिकणमाती. हिवाळ्यात बर्फ वितळणं थांबलं की नद्यांची रुंद पात्रं उघडी पडत आणि त्यांतला गाळ वाळत असे. वारा सुटला की रेती जड म्हणून फार लांब जात नसे, चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसत, उडायचा तो पोयटा. तो दूरवर जाऊन पडला आणि साचत राहिला. या वाऱ्याच्या मातीला लोएस म्हणतात. नदीच्या काठावर तिचा थर जाड असतो आणि नदीपासून दूर जावं तसा पातळ होतो. मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांच्या बाजूला हे ठळक दिसतं. पाण्याने दगड पाखडले होते, वाऱ्याने धूळ पाखडली.

पोयटा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरडा असताना बोटांत चोळला तर मैद्यासारखा लागतो. ओला केला की साबणासारखा निसटतो, पण बोटांना चिकटत नाही. रेती करकरते, चिकणमाती चिकटते. शेतात मातीचा गिरमिट फिरवणाऱ्याला तर सांधा कानानेही कळतो: दोन-अडीच फूट गिरमिट गुपचूप उतरतं आणि मग एकदम खरखर ऐकू येते.

लोएसचा मूळ रंग फिकट पिवळसर. तो काळा केला गवताने. बर्फ हटल्यावर आधी जंगल आलं, पुढे हवा उष्ण आणि कोरडी झाली तशी इथे प्रेअरी पसरली. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विच ग्रास ही माणसाच्या उंचीची गवतं. जंगलात झाडाची पानं जमिनीवर पडतात आणि बरीचशी वरच्या वरच कुजतात. गवताचं तसं नाही. त्याचा मोठा संसार जमिनीखाली असतो. मुळं दोन मीटर आणि त्याहून खोल जातात, त्यांतली पुष्कळशी दर वर्षी मरतात, नवी येतात. मेलेलं मूळ जागच्या जागी, मातीच्या पोटातच कुजतं. थंडीत काही महिने जमीन गोठलेली राहते, त्यामुळे कुजण्याचा वेगही मंद. हजारो वर्षं असं चालल्यावर वरचा फूट-दीड फूट काळा, रवाळ, भुसभुशीत होतो. माती-शास्त्रात अशा जमिनींच्या मोठ्या कुळाला मॉलिसॉल म्हणतात.

ही प्रेअरी टिकली त्यात आगीचा मोठा वाटा होता. विजेने लागणारी आग होतीच, पण इथले मूळ रहिवासी असलेले डकोटा लोक शिकारीसाठी आणि कोवळं गवत फुटावं म्हणून मुद्दाम गवत पेटवत असत. त्यामुळे झाडं मागे हटत. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५१ च्या करारांनंतर ही जमीन त्यांच्याकडून गेली आणि नांगराखाली आली. ज्या मातीला आज ‘जगातल्या सर्वोत्तम मातींपैकी एक’ म्हटलं जातं, ती घडवण्यात त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या लावलेल्या आगीही आहेत, हे सांगायलाच हवं.

‘काळी माती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाड्याची रेगूर येते. रंग जवळजवळ सारखा असला तरी दोघींचं वागणं अगदी निराळं. रेगूर बेसाल्टपासून झालेली, निम्मी किंवा त्याहून जास्त चिकणमाती असलेली. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याच्याही आत असतो. तिचा काळेपणा चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळे, म्हणजे कुजून उरलेल्या सेंद्रिय अंशामुळे, आहे. वॉकीगनसारख्या मातीत चिकणमाती पाव हिश्शाच्या आसपास, पण सेंद्रिय पदार्थ तीन ते पाच टक्के. ती फारशी भेगाळत नाही आणि पावसानंतर वाफसा लवकर येतो.

या सेंद्रिय पदार्थाचा हिशोब करून पाहू. एका हेक्टरमधल्या वरच्या ३० सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे ३,९०० टन. त्यात ४ टक्के सेंद्रिय पदार्थ धरला तर १५६ टन होतो. सेंद्रिय पदार्थाचा साधारण विसावा हिस्सा नत्र असतो, म्हणजे हेक्टरी सात-आठ टन नत्र. त्यातला एक-दोन टक्काच एका वर्षात जिवाणू मोकळा करतात, तरी ते ८० ते १५० किलो भरतं. पहिल्यांदा नांगर लावणाऱ्यांना ही जमीन खत न घालता वर्षानुवर्षं का पिकली, ते यावरून कळेल. हा नत्र लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता सांध्यापाशी येऊ. समईची वात तेल वर कशी खेचते? धाग्यांमधल्या बारीक फटी तेलाला धरून ठेवतात. जितकी फट बारीक, तितकी ओढ जास्त. काचेची एक मिलिमीटर व्यासाची नळी पाण्यात उभी केली तर पाणी सुमारे ३ सेंटीमीटर चढतं. नळी शंभरपट बारीक केली तर ते ३ मीटरपर्यंत चढू शकतं. पोयट्यातली भोकं बहुतांशी अशी बारीक आहेत, गोट्यांमधली मोठी. म्हणून पाणी मुरत मुरत सांध्यापर्यंत आलं की पोयटा ते सोडत नाही. खालच्या मोठ्या पोकळ्यांकडे ते ओढून घेण्याची ताकद नाही. ओली वात गोट्यांच्या ढिगावर ठेवून पाहा, ती गोट्यांमुळे कोरडी पडणार नाही. सांध्याजवळचा पोयटा जवळजवळ पूर्ण भरतो, पाण्याचा दाब पुरेसा वाढतो, तेव्हा कुठे पाणी खाली पडू लागतं.

त्यामुळे गोट्यांवरचा अडीच फूट पोयटा एरवीच्या अडीच फूट पोयट्यापेक्षा जास्त पाणी धरतो. खाली चाळणी असूनही! पाहणाऱ्याला वाटतं, खाली रेती म्हणजे पाणी भुर्रकन निघून जाईल. साचलेलं जादा पाणी खरंच जातं, म्हणून या जमिनी सहसा पाणथळ होत नाहीत. पण पिकाच्या वाट्याचं पाणी थांबतं. कचराभूमी झाकतानाही हेच तत्त्व वापरतात: खाली खडीचा थर, वर बारीक माती, म्हणजे पाऊस कचऱ्यात उतरण्याआधी वरच अडतो आणि पुढे ऊन-वारा आणि गवत तो शोषून घेतात.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. पाणी जसं खाली उतरायला अडतं, तसं खालून वर यायलाही अडतं. भूजल चार-पाच मीटरवर असलं तरी गोट्यांतून ते वर चढणार नाही. मक्याची मुळंही कोरड्या रेतीत फार शिरत नाहीत. म्हणजे पिकाची सगळी शिदोरी वरच्या पोयट्यात. पोयट्याची माती मीटरभर खोलीला साधारण २०० मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते, गोटेमिश्रित रेती त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नाही. जुलैत तुरा येण्याच्या सुमारास मका दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी पितो. पोयटा ७५ सेंटीमीटर असेल तर १५० मिलिमीटर, म्हणजे पावसाशिवाय तीनेक आठवडे. ५० सेंटीमीटर असेल तर दोन आठवडे. त्याच काउंटीत पोर्ट बायरन नावाची माती आहे, तिच्यात पोयटा दीड मीटरच्याही खाली जातो. तिथे हाच हिशोब सहा आठवड्यांच्या पुढे पोचतो. वरून पाहिलं तर दोन्ही शेतं सारखीच काळी. कोरड्या जुलैत मात्र एका शेतातला मका दुपारी पानं गुंडाळून घेतो आणि शेजारचा तसाच ताठ उभा असतो. म्हणून इथे जमिनीची किंमत करताना ‘गोटे किती खोल’ हा प्रश्न रंगापेक्षा महत्त्वाचा.

इलिनॉय-इंडियानाकडे या घराण्याची बरीच भावंडं आहेत. प्लेनो नावाच्या मातीत पोयटा जाड, वॉपेकॅनमध्ये पातळ. सखल जागी, पाणी न हटणाऱ्या ठिकाणी ड्रमर. ती इलिनॉयची राज्यमाती आहे आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातल्याशिवाय ती पिकत नाही. तिकडच्या गोट्यांत चुनखडी आणि डोलोमाइट भरपूर. पावसाबरोबर वरून उतरणारे चिकणमातीचे सूक्ष्म कण चुन्याच्या थराला लागले की तिथेच अडकतात, शिवाय पाणीही त्याच सांध्यावर थांबलेलं असतं. त्यामुळे गोट्यांच्या थोडं वर गडद, चिकट असा एक पट्टा तयार होतो. जिथे पाणी जास्त उतरतं तिथे चुना जास्त विरघळतो आणि तो पट्टा जिभेसारखा खाली लोंबतो. खाणीच्या उभ्या भिंतीत या लालसर-तपकिरी जिभा सहज दिसतात. सांधा म्हणजे सरळ रेघ नव्हे, आणि तो दर शतकात थोडा थोडा खाली सरकतो आहे.

आता दुखण्याकडे. मघाचा नत्र जिवाणू शेवटी नायट्रेटमध्ये बदलतात. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो, माती आणि ह्यूमसच्या कणांवरही ऋणच. त्यामुळे अमोनियम, कॅल्शियम, पोटॅश मातीला धरून राहतात, पण नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर जातं, पाणी थांबेल तिथे थांबतं. उभं पीक असेल तर मुळं ते उचलतात. पण मका-सोयाबीनच्या शेतात ऑक्टोबरपासून मेपर्यंत जिवंत मूळच नसतं. वसंतात बर्फ वितळतं, एप्रिल-मेमध्ये पाऊस पडतो, माती गरम होते, जिवाणू कामाला लागतात आणि मका अजून वीतभरही नसतो. नेमका तेव्हाच सांधा भरतो.

आणि भरल्यावर तो सगळीकडून सारखा झिरपत नाही. बारीक थरावरून जाड थरात उतरणारं पाणी जिथे आधी वाट मिळेल तिथे फुटतं आणि बोटांसारख्या धारांनी खाली जातं. गोट्यांत त्याला अडवायला काही नाही, मुळंही नाहीत, नत्र हवेत सोडणाऱ्या जिवाणूंना लागणारं सेंद्रिय खाद्यही जवळजवळ नाही. पाणी थेट भूजलात. त्याच आउटवॉशमध्ये आणि त्याखालच्या खडकात घरांच्या विहिरी आहेत. डकोटा काउंटीतल्या खासगी विहिरींत नायट्रेटचा प्रश्न जुना आहे आणि मिसिसिपीकाठच्या हेस्टिंग्ज शहराला पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट काढण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, भारतात ४५. आकडे पाहून आपली मर्यादा चौपट सैल वाटते, पण तसं नाही. तिकडे फक्त नायट्रेटमधलं नायट्रोजन मोजतात, इकडे संपूर्ण नायट्रेट. मर्यादा जवळजवळ एकच आहे. ही तान्ह्या मुलांसाठी ठरवलेली मर्यादा, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. विहिरीच्या पाण्याचा अहवाल वाचताना कोणतं एकक वापरलं आहे ते आधी बघावं.

मिनेसोटाने २०१९ मध्ये भूजल संरक्षणाचा नियम केला. जिथे माती रेताड आहे किंवा खडक उथळ आहे, अशा असुरक्षित भागांत शरद ऋतूत आणि गोठलेल्या जमिनीवर नत्रखत टाकायला त्याने बंदी घातली. नियम योग्यच आहे. पण फक्त वरच्या थराचा पोत पाहून जमीन सुरक्षित समजली तर वॉकीगनसारखी माती सहज फसवते. वरून ती अस्सल पोयटा, पाणी धरणारी, सभ्य. गळती अडीच फुटांखाली सुरू होते.

उपाय म्हणून जे केलं जातं त्याचा रोख एकच: रिकाम्या महिन्यांत जमिनीत जिवंत मूळ ठेवणं. मका काढताच राय हे गव्हासारखं धान्य पेरायचं. ते थंडीत तग धरतं आणि वसंतात सगळ्यांच्या आधी उठून पाणी-नायट्रेट शोषतं. रोझमाउंटला याहून पुढचाही प्रयोग झाला आहे: कुरा क्लोव्हर नावाचं बारमाही द्विदल चारापीक कायम जिवंत ठेवायचं आणि त्यातच पट्टे मोकळे करून मका पेरायचा. झिरपणारं नायट्रेट यात घटतं. पण क्लोव्हरही त्याच अडीच फुटांतलं पाणी पितो, त्यामुळे कोरड्या वर्षी मक्याला चटका बसतो. प्रेअरीच्या गवताला हा पेच नव्हता, कारण तिथे पाणी मागणारं दुसरं पीकच नव्हतं.

आणखी एक ओढाताण आहे ती गोट्यांसाठीच. पाण्याने पाखडलेली, स्वच्छ, वर्गवारी केलेली रेती-खडी म्हणजे काँक्रीटचा तयार माल, आणि वीस-तीस किलोमीटरवर मोठी जोडशहरं. रोझमाउंटजवळच्या विद्यापीठाच्या जमिनीवरही खडी काढली जाते. खाण सुरू करताना वरची काळी माती खरवडून ढिगात ठेवतात आणि काम संपल्यावर पुन्हा पसरतात. सेंद्रिय पदार्थ बराचसा परत येतो, रंगही येतो. पण यंत्राच्या चाकांखाली दाबलेल्या पोयट्यात मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटा उरत नाहीत आणि खाली गोट्यांचा तो सलग थर राहत नाही. पाणी कुठे थांबेल आणि कुठून फुटेल, ते तिथे पुन्हा पहिल्यापासून ठरू लागतं.